बटणांचा वैरी

सर्व संबंधितांना, आणि ज्यांचा काडीचाही संबंध नाही अशांनाही, अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की हात, पाय, काठी, दोरी यांपैकी कशाचाही वापर न करता, केवळ डोक्याने, छताचा पंखा बंद करण्याचा मान ठाकुर्लीने मिळवलेला आहे. ही घटना ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस एका रविवारी दुपारी, बांगड्याचं कालवण आणि भात पोटात गेल्यावर घडली. पंखा तीन पात्यांचा होता. डोकं माझं होतं. जगाने याची दखल घेतली नाही, तो जगाचा प्रश्न. मी काही तुम्हाला उभं राहून दोन मिनिटं शांतता पाळा म्हणत नाही, पण निदान हातातला चहा तरी खाली ठेवा.

ठेवलात? मग त्या डोक्यामागच्या डोक्याविषयी सांगतो.

ते माझे घरमालक. मी तेव्हा बावीस वर्षांचा, वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात ड्रॉइंग काढायला नुकताच लागलेलो. खोली शोधत शोधत ठाकुर्लीला पोचलो. बैठं घर, पुढे मालकांचा संसार, मागे स्वतंत्र दाराची एक खोली. त्या काळी खोली मागायला गेलं की आधी तोंडी परीक्षा असे. गाव कुठलं, आडनाव काय, लग्न कधी करणार, मित्र किती येणार. मी सगळी उत्तरं पाठ करून गेलेलो. या गृहस्थांनी त्यातलं काहीएक विचारलं नाही. मला खुर्चीत बसवलं, माझ्याभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि मागे उभं राहून विचारलं,

"केस गळतात का?"

"थोडे थोडे."

"छान! तेल लावतोस?"

"आई लावायची."

"आई कुठे असते?"

"चिपळूणला."

"उत्तम. लांब आहे," असं म्हणून त्यांनी माझ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन बोटांनी टिचक्या मारल्या, बाजारात नारळ घेताना मारतात तशा, आणि आत वळून ओरडले, "अगं, चहा टाक. भाडेकरू मिळाला."

स्वयंपाकघराच्या दारात काकू आल्या. त्यांनी आधी माझ्याकडे आणि मग नवऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "या मुलाला आधी सांगितलंत का, की उगाच फसवून ठेवताय?"

"सांगू की हळूहळू," काका म्हणाले.

ते हळूहळू म्हणजे त्याच संध्याकाळी. काका वागळे इस्टेटमध्येच एका छोट्या वर्कशॉपमध्ये दवाखान्यांतली मशीनं दुरुस्त करत. हृदयाचा आलेख काढणारं मशीन ते डाव्या हाताने, गप्पा मारत नीट करत. त्यांचा जीव होता तो मेंदूचा आलेख काढणाऱ्या मशीनवर. असं एक म्हातारं मशीन भंगारात निघालं, तेव्हा काकांनी ते टेम्पोत घालून घरी आणलं होतं. इतरांच्या घरी जिथे शोकेस असते तिथे यांच्याकडे ते कपाटाएवढं धूड उभं होतं. काकूंनी त्याच्यावर क्रोशाचं आच्छादन घालून वर प्लास्टिकच्या फुलांची फुलदाणी ठेवली होती. आलेले पाहुणे त्याला फ्रीज समजून दार शोधायचे.

काकांचं एक वाक्य होतं, ते आम्ही दिवसातून चार वेळा ऐकायचो. "बटण हा मानवजातीचा अपमान आहे." पुढचं स्पष्टीकरण असं: "अरे, डोक्यात वीज तयार होते. फुकट! चोवीस तास! आणि माणूस काय करतो? उठतो, चालत भिंतीपर्यंत जातो आणि बोटाने खटका दाबतो. मग डोकं काय टोपी घालायला दिलंय?"

हे नुसतं बोलणं नव्हतं. ते शक्यतो बटण दाबतच नसत. संध्याकाळी घरात अंधार पडला की ते दिव्याच्या खटक्यासमोर उभे राहून त्याच्याकडे एकटक बघत. अर्धा मिनिट, एक मिनिट. काकू आतून म्हणायच्या, "लागला का?" काका म्हणायचे, "आज नाही." आणि मग खटका कोपराने दाबायचे. बोटाने कधीच नाही. बोटाने दाबला असता तर हार मान्य केल्यासारखं झालं असतं. कोपर म्हणजे चुकून लागलं.

यंत्रांशी ते आदराने बोलत. "अहो, जरा गरम व्हा की," हे सोल्डरिंगच्या बंदुकीला. "तुम्ही आजारी आहात का?" हे मिक्सरला. माणसांशी मात्र एकेरीवर. ओळख झाली की पहिल्यांदा डोकं बघायचे, जसा शिंपी छाती बघतो. एकदा डोंबिवलीच्या एका मुंजीत त्यांनी नुकतंच गोटा केलेल्या बटूच्या डोक्याकडे इतक्या प्रेमाने पाहिलं की काकूंनी त्यांचा हात घट्ट धरून ठेवला होता.

आता यंत्राची गोष्ट. घाबरू नका, सोपी आहे. माणूस डोळे मिटून स्वस्थ बसला की डोक्याच्या मागच्या भागात विजेच्या बारीक लाटा उठतात, सेकंदाला साधारण दहा. डोळे उघडले किंवा मनात काळजी सुरू झाली की त्या लाटा मोडतात. काकांनी केलं ते एवढंच. चांदीच्या दोन टिकल्या मिठाच्या खळीने डोक्याला चिकटवायच्या, एक कानामागे. त्यांच्या तारा मशीनमध्ये. लाटा आल्या की मशीनमधला एक रिले, म्हणजे विजेवर चालणारा खटका, टक्कन ओढला जाणार आणि पंखा बंद. डोक्याला जोडलेला सगळा भाग रेडिओच्या सेलवर चाले, त्यामुळे शॉक लागायची भीती नाही, असं काका म्हणत. काकू म्हणत, "लागेपर्यंत नाही."

यातली मेख लक्षात आली का? पंखा बंद व्हायला डोकं शांत हवं. पंखा बंद हो, बंद हो, असं मनात म्हटलं की तो गरागरा फिरत राही. पंख्याची इच्छाच सोडून दिली की तो थांबे. आणि काकांचं डोकं? त्यांच्या डोक्यात एका वेळी सात गोष्टी चालत. मशीनची आलेख काढणारी पेनं कागदावर अशी नाचत की एकदा काकूंनी तो कागद बघून विचारलं, "हा भूकंप कुठला?" ज्या माणसाने यंत्र केलं त्याच्या डोक्याला ते दाद देईना! काका पहाटे उठून पद्मासन घालायचे, एक दिवस मौन पाळायचे, आणि पंखा आपला मजेत फिरायचा. एकदाच थांबला. काका डोळे मिटून बसले होते, पंखा हळूहळू मंदावला आणि स्थिर झाला. काका उडी मारून "जमलं! जमलं!" करत अंगणात धावले. अंगणात सगळी गल्ली आधीच उभी होती. ठाकुर्लीतली लाईट गेली होती.

म्हणून माझी नेमणूक. केस विरळ, तेल नाही आणि, काकांच्या शब्दांत, "चेहरा आश्वासक."

पहिले पंधरा दिवस मलाही जमलं नाही. "विचार करू नकोस," काका माझ्या कानाशी येऊन सांगत. त्यांना दूध करपलेलं चाले, पण माझ्या डोक्यात विचार आलेला चालत नसे. "आला! आला तुला विचार! काय आला, बोल!" मी म्हणायचो, "काका, विचार न करण्याचा विचार आला." मग ते डोक्याला हात लावून बसायचे.

त्यात सुट्टीच्या दिवशी टोपली घेऊन मासेवाल्या मावशी यायच्या. खाडीकडच्या. टोपली उतरवून ओट्यावर टेकल्या की घरातल्या प्रत्येकाची चौकशी करायच्या. एकदा त्यांनी मला वायरींसकट पाहिलं.

"अगं बाय! या पोराच्या डोस्क्याला वायरा लावल्यान त्या कशाला?"

काका अभिमानाने म्हणाले, "मावशी, हा काहीही विचार न करता पंखा बंद करणार आहे."

मावशींनी बांगडे उलटेपालटे करत क्षणभर विचार केला. "आमचा म्हातारा तीस वर्सा इचार न करता बसलाय. त्याच्यान कदी काय बंद नाय झाला."

तेच ते बांगडे. त्याच दुपारी, जेवून सुस्तावून खुर्चीत बसलो होतो. काका तारा चिकटवून आत पाणी प्यायला गेले. मला वाटतं मी कालवणाचीही आठवण काढत नव्हतो. टक्क. डोळे उघडले तर पंखा थांबत होता. घाबरून "काका!" म्हणालो तर परत सुरू. डोळे मिटले. टक्क. थांबला.

काकांना जो आनंद झाला तो मी पुढे कुणाच्या लग्नातही पाहिला नाही. ते रस्त्यावर पळाले आणि दोन्ही हात वर करून ओरडले, "याच्या डोक्यात काही नाही! अहो, याच्या डोक्यात काहीच नाही! मशीनवर सिद्ध झालंय!"

ही बातमी गल्लीत टिकली. पुढच्याच वर्षी कल्याणहून एक गृहस्थ आपल्या मुलीसाठी माझी गुपचूप चौकशी करायला आले. वाण्याच्या दुकानात त्यांना सांगण्यात आलं, "मुलगा सरळ आहे. निर्व्यसनी. डोक्यात काही नाही, पण." गृहस्थ दचकले. "म्हणजे?" "म्हणजे मशीनवर तपासलंय." तरीही ते स्थळ जमलं. बायको म्हणते, बाकी स्थळांबद्दल लोक थापा मारत होते, माझ्याबद्दल तेवढं खरं सांगितलं.

इथपर्यंत हा सगळा खेळ होता. मग आजोबा आले.

आजोबा म्हणजे काकूंचे वडील, काकांचे सासरे. कल्याणला एकटे राहायचे. शिस्तीचे, ताठ, इस्त्रीचं धोतर नेसणारे गृहस्थ. काका त्यांच्याविषयी नेहमी आदराने म्हणत, "सासरे मितभाषी आहेत." काकूंनी मला एकदा भाजी निवडताना खरा प्रकार सांगितला. लग्नानंतरचा पहिला दिवाळसण. जावईबापू सासरी गेलेले. पाटाभोवती रांगोळी, अत्तर, अंगठी, सगळं साग्रसंगीत. आजोबांचा मोठा व्हॉल्व्हचा रेडिओ होता, त्यावर ते कुणाला बोट लावू देत नसत. दुपारी सगळे झोपले असताना जावईबापूंनी तो उघडला. कशाला? तर "आणखी चांगला लागावा म्हणून." त्यानंतर तो रेडिओ फक्त कुणी एरियलची तार हातात धरून उभं राहिलं तरच बोले. आजोबांनी दोन महिने एका हातात तार धरून उभ्याने बातम्या ऐकल्या. मग रेडिओ माळ्यावर गेला आणि जावयाशी बोलणं बंद झालं. भांडण नाही, काही नाही. पंगतीत शेजारी बसून ते लेकीला सांगायचे, "यांना विचार, भात हवा का?" आणि काका आनंदाने सांगायचे, "बाबांना सांग, थोडा वाढा."

अशी पंधरा-सोळा वर्षं गेली आणि आजोबांना पक्षाघाताचा झटका आला. वाचा गेली. उजवी बाजू गेली, डावीतही जोर उरला नाही. मुलाचं घर ठाण्याला, चौथ्या मजल्यावर, बिनलिफ्टचं. म्हणून काकूंनी वडिलांना इथे आणलं. पुढच्या खोलीत, मशीनच्या शेजारी, त्यांची कॉट लागली. ते छताकडे बघत पडून असत. त्यांना काय कळतं, किती कळतं, कुणाला सांगता येईना. डॉक्टर म्हणाले, "कळत असेलच असं नाही."

काकूंचं घर त्या कॉटभोवती गोळा झालं. दर पाच मिनिटांनी त्या पोळपाट सोडून बाहेर यायच्या. "बाबा, काही हवंय?" परत आत. परत बाहेर. दूध उतू जायचं, भात लागायचा. एकदा त्या मागच्या अंगणात कपडे वाळत घालून आल्या तर आजोबांच्या पावलाला लाल मुंग्या लागलेल्या. पाऊल सुजून लाल झालेलं, डोळ्यांतून पाणी. किती वेळ ते सोसत पडले होते, देव जाणे. हाक मारता येत नव्हती.

काकू पदर तोंडाशी धरून खूप रडल्या.  काकांनी स्टूल घेतलं, पंख्याला गेलेली तार कापली आणि तिच्या टोकाला एक दाराची घंटा जोडली.

मी शहाणपणा केला. म्हटलं, "काका, पण घंटा वाजवायला त्यांना डोळे मिटावेच लागणार ना? मग नुसते डोळे मिटले तरी काकूंना समजेल की. मशीन कशाला?"

काका स्टुलावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "मिटलेले डोळे स्वयंपाकघरात ऐकू येतात का रे?"

त्या दिवसापासून मी त्यांना वेडा म्हणणं सोडलं. निदान मनातल्या मनात.

शिकवणी सुरू झाली. रोज कामावरून आल्यावर काका सासऱ्यांचं डोकं ओल्या फडक्याने पुसायचे, खळ लावून टिकल्या चिकटवायचे आणि कॉटच्या पायथ्याशी उभं राहून खड्या आवाजात सांगायचे, "बाबा! शांत व्हा! अगदी शांत! काळजी सोडा! डोळे मिटा! मिटलेत? आता शांत!" आजोबा डोळे मिटायचे, उघडायचे, पुन्हा मिटायचे. घंटा गप्प. पेनं कागदावर तडतडत. असे तीन आठवडे गेले. काका रोज नव्याने वायरिंग तपासायचे. "मशीनचा दोष नाही," ते मला म्हणायचे, "तू बसलास की वाजते." खरंच वाजायची. मी बसलो की घंटा अशी खणखणायची की शेजारी दार उघडून बघायचे.

मग काकूंच्या धाकट्या भावाचा निरोप आला. हे मेहुणे वाईट माणूस नव्हते. पण मुलगा असून बाप लेकीच्या दारात, हे त्यांना लोक ऐकवत, आणि बहीण वाळत चाललेली त्यांना दिसत होती. शहाडच्या पलीकडे आजारी म्हाताऱ्यांना सांभाळणारी एक संस्था होती, तिथे त्यांनी जागा बघून ठेवली होती. ते येऊन काकूंना म्हणाले, "ताई, बाबांना काही कळत नाही. इथे काय आणि तिथे काय. तू स्वतःला किती मारून घेणार? रविवारी मी टॅक्सी घेऊन येतो."

"त्यांना कळतं," काकू म्हणाल्या.

"कशावरून?"

 काका मध्ये पडले. "रविवारी घंटा वाजेल. वाजली तर?"

मेहुणे म्हणाले, "भावोजी, बाबांना कळतंय हे एकदा, फक्त एकदा दाखवा. मी परत विषय काढणार नाही. पण नाही वाजली तर तुम्ही मला अडवायचं नाही."

"ठरलं," काका म्हणाले. काकूंनी त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मला आजही आठवते. त्या एका घंटेवर आता त्यांचे वडील टांगलेले होते.

रविवारी मेहुणे दहाला हजर. टॅक्सी गल्लीच्या तोंडाशी. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातलेला. मी मदतनीस. आजोबांना सकाळीच अंघोळ घालून, स्वच्छ बंडी चढवून, उशीला टेकवून बसवलं होतं. काकांनी खळीची वाटी घेतली, पहिली टिकली सासऱ्यांच्या डोक्यामागे लावली. ती घसरून मानेवर आली. पुन्हा लावली. बंडीत गेली. काकांनी आजोबांच्या डोक्यावर बोट फिरवून बोटाकडे पाहिलं, वास घेतला आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"अगं, तेल?"

काकू दारात उभ्या होत्या. "थोडंसंच हो."

"या घरात तेलाला बंदी आहे! वर्षभर मी ओरडतोय, तेलावर टिकली धरत नाही, वीज जात नाही! आणि आजच?"

"मग काय करू?" काकू एकदम रडवेल्या झाल्या. "भाऊ येणार होता. बाबांचं डोकं कोरडं भगभगीत बघून तो काय म्हणाला असता? बहिणीने चमचाभर तेलसुद्धा घातलं नाही? फक्त टाळूवर घातलं मी. जिरवलं चांगलं."

"ओघळलं ना ते मागे!"

मेहुण्यांनी घड्याळाकडे पाहिलं. पण काका आता कुणाचं ऐकणार नव्हते. "शिकेकाई काढ. पाणी तापव. तू," हे मला, "बादली. आणि तुम्ही," हे मेहुण्यांना, "बाबांची मान धरा."

"मी?"

"मुलगा आहात ना? धरा!"

टॅक्सीत बसवून न्यायला आलेला तो गृहस्थ बाह्या सरसावून कॉटवर बसला. त्याने वडिलांचं डोकं दोन्ही तळव्यांवर धरलं, खाली परात, काकू शिकेकाई चोळतायत, मी तांब्याने पाणी सोडतोय. मेहुण्यांचा शर्ट भिजून चिंब. आजोबांच्या डोळ्यांत शिकेकाई जाऊ नये म्हणून ते त्यांच्या कपाळावर हात आडवा धरून बसले होते, आणि मध्येच पुटपुटले, "किती हलके झालेत गं, ताई."

डोकं तीनदा धुतलं. कोरडं केलं. टिकल्या चिकटल्या. काका पायथ्याशी जाऊन उभे राहिले.

"बाबा! शांत व्हा!"

काही नाही.

"बाबा, अगदी शांत! घंटा वाजवायची आहे! फार महत्त्वाचं आहे! घाबरू नका! शांत!"

पंधरा मिनिटं गेली. काका घामाने थबथबले. पेनं तडतडत होती. मेहुणे हळूच म्हणाले, "भावोजी, पुरे."

काकांनी हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. ते बाहेर गेले आणि पायऱ्यांवर बसले.  काकू वडिलांच्या जवळ बसल्या, त्यांच्या कानाच्या पाळीवरचा पाण्याचा थेंब पदराने टिपला आणि अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "बाबा, राहायचं ना माझ्याकडे?"

आजोबांनी डोळे मिटले. घंटा खणखणली.

आम्ही तिघं जागच्या जागी उडालो. काका बाहेरून तीरासारखे आत. "वाजली? कुणी वाजवली? तू बसलायस का रे?"

घंटा बंद.

"वाजली होती," काकू म्हणाल्या.

"मग आता का नाही? लूज कॉन्टॅक्ट असणार." काका टिकल्या दाबतायत, तारा हलवतायत, "बाबा, शांत," चालू आहे. काही नाही. पेनांचा पुन्हा भूकंप. "थांबा, पक्कड आणतो," म्हणून ते अंगणातल्या पत्र्याच्या शेडकडे धावले. ते दाराबाहेर पडले मात्र, घंटा खणखणली. पक्कड घेऊन आत आले, थांबली.

पहिल्यांदा मेहुण्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांनी आधी वडिलांकडे पाहिलं, मग काकांकडे. त्यांच्या ओठांचे कोपरे हलायला लागले. "भावोजी, जरा बाहेर जाता?"

"का?"

"जा तर."

काका गेले. घंटा.

"आता या."

आले. शांतता.

"परत जा."

असं चार वेळा. काका हातात पक्कड घेऊन चिमणीसारखे आतबाहेर करत होते आणि त्यांना काही उमगत नव्हतं. शेवटी मेहुण्यांनी त्यांना बाहेर ठेवून दार लोटलं आणि वडिलांच्या समोर गुडघ्यावर बसले. "बाबा, तिकडे शहाडला जायचं का?" आजोबा त्यांच्याकडे टक्क डोळे उघडे ठेवून बघत राहिले. पापणी हलवली नाही. "ताईकडे राहायचं?" डोळे मिटले आणि घंटा वाजली. ती वाजतच राहिली. मेहुण्यांनी आपलं कपाळ वडिलांच्या हातावर टेकलं. काकू एकाच वेळी हसत आणि रडत होत्या. मी गल्लीच्या तोंडाशी जाऊन टॅक्सीवाल्याला जायला सांगितलं.

परत आलो तर काका पायऱ्यांवरच बसलेले. मला धास्ती वाटत होती. या माणसाने वर्षभर खपून यंत्र केलं, आणि ते चालायला हाच माणूस नजरेआड व्हावा लागतो, हे त्यांना सांगायचं कुणी? मेहुणे बाहेर आले. ओला शर्ट पिळत त्यांच्या शेजारी बसले आणि फार जपून म्हणाले, "भावोजी, वाईट वाटून घेऊ नका. मशीन चांगलं आहे. पण तुम्ही समोर आलात की बाबांचं डोकं शांत राहत नाही. ते रेडिओचं... मला वाटतं ते अजून विसरलेले नाहीत."

काका त्यांच्याकडे बघत राहिले. पक्कड हातातून सुटून पायरीवर पडली. मग ते उठले, गल्लीत उतरले. नळावर हंडे घेऊन बायका उभ्या होत्या, वाणी दुकानाच्या फळीवर रेलला होता, आणि या सगळ्यांच्या समोर दोन्ही हात आभाळाकडे उंचावून काका गळ्याच्या शिरा ताणून ओरडले,

"ओळखतात! अहो, सासरे मला अजून ओळखतात!"